फोनवर विचारू नका

सूर्यफुलाचा तळ
४ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

पत्र बघून दचकू नका. सगळं ठीक आहे. इथे फोनला रेंज मिळते ती फक्त टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीपाशी, आणि फोन एकच, तोही ह्यांच्या खिशात. म्हणून मध न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देते आहे. तो तुमच्या शिवणाच्या दुकानावरूनच जातो.

तुमच्याकडे एक काम होतं. मला एक नवा बुरखा शिवून पाठवाल? जाळी दुहेरी लावा. बाह्या मनगटाच्या खाली येतील इतक्या लांब, आणि तिथे इलॅस्टिक घट्ट. जाड कापडाचे हातमोजेही हवेत, कोपरापर्यंतचे. गळ्यापाशी एक पट्टी जोडा, म्हणजे मान जराही उघडी राहणार नाही. उकडेल, पण चालेल.

सूर्यफूल यंदा जोरात आहे. पेट्या मांडल्यापासून आठवडाभरात चौकटी जड झाल्या. मध पिवळाधमक, आणि बसतो लवकर, रव्यासारखा दाणेदार. गिऱ्हाइकाला वाटतं साखर घातली आहे. दरवर्षीचं रडगाणं.

छकुली केस विंचरताना अजून रडते का? तिच्या शाळेपायी तिला तुमच्या गळ्यात टाकून आम्ही दोघं रानोमाळ हिंडतो आहोत, याची मला लाज वाटते. तुम्ही आहात म्हणून चाललंय.

आणि एक, वन्सं. बुरख्याचं फोनवर काही विचारू नका. हे शेजारीच उभे असतात.

तुमची
वहिनी


११ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

ड्रायव्हर तुझं पत्र गणवेशांच्या ढिगावर टाकून गेला आणि मी ते एका शर्टाबरोबर जवळजवळ शिवूनच टाकलं होतं. कॉलर उलटताना हाताला लागलं म्हणून वाचलं.

बुरखा, मोजे, गळपट्टी, सगळं पाठवते आहे. जाळी दुहेरी लावली आहे, श्वास घेता येतो ना ते मी स्वतः घालून पाहिलं. छकुली मला बघून किंचाळत पलंगाखाली गेली.

पण मला एक कळत नाही. तू तर मधपाळाची लेक. दादाला हे काम तूच शिकवलंस. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने मोजे चढवले तेव्हा तू म्हणाली होतीस, नवरदेव माशा बघायला निघालेत की ऑपरेशन करायला? तू स्वतः उघड्या हातांनी चौकटी उचलायचीस, आणि माशा तुझ्या बोटांवरून अशा चालायच्या जसं काही त्यांचंच अंगण. आता एकदम चंद्रावर निघाल्यासारखी का झाकून घेते आहेस?

हाताला काही लागलंय का? खरं सांग. आणि दादा शेजारी असला तर काय बिघडतं? तो काय परका आहे?

छकुली विंचरताना आता रडत नाही, भांडते. प्रगती म्हणायची.

तुझी
नणंद


धन्याचा तळ
२९ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

मोजे छान बसले. हाताला काही लागलेलं नाही.

आम्ही सूर्यफुलावरून धन्याच्या, म्हणजे फुलावर आलेल्या कोथिंबिरीच्या, शेतात आलो. पांढरी फुलं लांबवर पसरली आहेत आणि मध काळपट उतरतो आहे, उग्र वासाचा. छकुलीला आवडणार नाही, तुम्हाला आवडेल.

यापुढचं कसं लिहू कळत नाही. लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण इथे बोलायला दुसरं माणूस नाही.

मला भीती वाटते. ऊन चढायला लागलं की आधी बाह्या मनगटावर ओढून घेते. दिवसभर मान आखडून काम करते, मागून कधी काय येईल याचा नेम नसल्यासारखी. ह्यांच्यासमोर हसते, गाणं गुणगुणते, त्यांना संशय येऊ नये म्हणून. गेल्या पंधरवड्यात एक दिवस माझं तोंड सुजलं होतं. तो सगळा दिवस मी बुरखा उतरवला नाही. जेवलेही नाही, ह्यांना म्हणाले, माझं पोट बिघडलंय.

तुम्ही काही करावं म्हणून हे लिहिलेलं नाही. करण्यासारखं काही नाही. फक्त एक कबूल करा. माझं काही बरंवाईट झालं तर छकुलीला तुमच्यापाशीच ठेवा. ह्यांच्याबरोबर रानात पाठवू नका. ती लहान आहे, आणि हे कुणात उतरतं आणि कुणात नाही, कोण सांगणार.

पत्र वाचून फाडून टाका.

तुमची
वहिनी


५ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

पत्र फाडलं नाही. चारदा वाचलं.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा बाबा जाऊन वर्ष झालं होतं, म्हणून तुला ठाऊक नाही. बाबांचा हात फार चालायचा. आमच्यावर नाही, आईवर. आई भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे ब्लाउज घालायची. मी मशीनवर आयुष्यात पहिली वस्तू शिवली ती तिच्या एका ब्लाउजच्या वाढवलेल्या बाह्या. शेजारणी कौतुक करायच्या, पोरगी किती सफाईने शिवते.

तुझ्या बुरख्याच्या बाह्या कापताना माझी कात्री सारखी का अडत होती, ते आता कळलं.

हे कुणात उतरतं कोण सांगणार, असं तू लिहिलंस. वहिनी, मी जन्मभर तेच म्हणत आले आहे. दादाला मी तुझ्याआधीपासून ओळखते. तो शांत आहे. पण बाबाही बाहेर शांतच होते. सगळे त्यांना देवमाणूस म्हणायचे.

ड्रायव्हर आला की त्याच्या गाडीत बस आणि निघून ये. सामान घेऊ नकोस. इथे खोली आहे, दुसरं मशीन आहे, तुझी लेक आहे.

आणि तुला न विचारता मी दादालाही पत्र लिहिलं आहे. सोबतच पाठवते आहे. तुला राग आला तरी चालेल, मला दुसरं काही सुचलं नाही. त्यात काय लिहिलंय ते तुझ्यापासून लपवत नाही. हे लिहिलंय:

"दादा, तुझी बायको तुला घाबरते. ती सुजलेलं तोंड बुरख्यात लपवून तुझ्यासमोर हसते. बाबांचा हात तुझ्या खांद्याला फुटला असेल तर तो तिथेच ठेव, माझ्या घरात आणू नकोस. तेव्हा मी लहान होते, दाराआड उभी राहायचे. आता मी लहान नाही. तिला पाठवून दे."

तुझी
नणंद


धन्याचा तळ
१२ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

आज इथेच मुक्काम टाकलेल्या ड्रायव्हरने दोन्ही पत्रं ह्यांच्याच हातात दिली. हे एका पेटीवर काम करत होते. त्यांनी आपलं पत्र उभ्याउभ्या वाचलं. मग उघडी पेटी झाकली, माशांना धूर द्यायचं धुराडं विझवलं, पिंपापाशी जाऊन कितीतरी वेळ हात धुतले. नंतर माझ्यासमोर येऊन पत्र पुढे धरलं.

"हे तू सांगितलंस?"

त्यांचा चेहरा मला बघवेना. वन्सं, तुमच्या भावाने माझ्यावर कधी हात उगारलेला नाही. आवाजसुद्धा चढवलेला नाही. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं, म्हणून उरलेलं अर्धं तुम्ही स्वतः भरलंत. दोष माझा आहे. त्यांना जे सांगितलं तेच आता तुम्हाला सांगते.

मी माशांना घाबरते.

सप्टेंबरात एक माशी मनगटाला डसली. जन्मात हजारो डसल्या असतील, नखाने काटा खरवडायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. त्या दिवशी आधी तळहात खाजू लागले, मग अंगभर गांधी उठल्या, ओठ जड झाले, घशात कुणी बोळा कोंबतंय असं वाटलं. पिंपाआड बसून राहिले. तासाभराने उतरलं. उष्णता असेल म्हणून सोडून दिलं, पण तुमच्याकडून बुरखा मागवला. ऑक्टोबरात मोज्यावर इलॅस्टिक चढवायच्या आधीच दुसरी डसली. तेव्हा डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी पेट्यांच्या रांगेत पडले. जाग आली तेव्हा माशा तोंडावरून चालत होत्या आणि मला किंचाळताही येत नव्हतं. तोंड सुजलं होतं ते त्या दिवशी. छकुलीला रानात पाठवू नका लिहिलं तेही याचसाठी. माझ्या रक्तातलं हे तिच्यात असलं तर?

हे विचारत होते, मला का नाही सांगितलंस? काय सांगणार? मी पेट्यांच्या मध्ये रांगायला शिकले. ज्या घूंऽऽ आवाजाने मला झोप लागायची, त्याच आवाजाने आता घाम फुटतो. मधपाळाची लेक माशीला भिते हे बोलायला जीभ उचलेना. शिवाय कळलं असतं तर ह्यांनी मला घरी पाठवलं असतं, आणि पेट्या एकट्याने उचलता येत नाहीत. अनोळखी रानात त्या एकट्याने राखताही येत नाहीत.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, शुक्रवारी ट्रक येतोय पेट्या निलगिरीच्या रानात न्यायला. पेट्या चढेपर्यंत तू केबिनमध्ये काचा लावून बसायचं. वाटेत आधी डॉक्टर, मग निलगिरी.

संध्याकाळी जेवताना हे माझ्या आणि पेट्यांच्या मध्ये बसले. रोज बसतात ती जागा सोडून.

तुमच्यावर ते रागावलेले नाहीत असं म्हणाले. मला खात्री नाही.

तुमची
वहिनी


१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय वहिनी,

हे पत्र तुला कधी मिळेल देव जाणे. ड्रायव्हर आता पुढच्या आठवड्याशिवाय तुमच्याकडे येत नाही. सकाळपासून फोन लावते आहे, लागत नाही. मशीनवर बसवत नाही म्हणून लिहिते आहे.

तुझं पत्र वाचून मी खाली औषधाच्या दुकानात गेले. आमची एक ओळखीची आहे, असं म्हणून तुझं सगळं सांगितलं. औषधवाला एरवी थट्टेखोर, माझ्या चष्म्यावरून रोज काहीतरी बोलतो. आज त्याने चष्म्याकडे पाहिलंही नाही. गिऱ्हाईक तसंच ठेवून आतून बाहेर आला आणि म्हणाला, पहिल्यांदा गांधी, दुसऱ्यांदा चक्कर, तिसऱ्यांदा आपोआप उतरेल या भरवशावर राहू नका. त्यावर इंजेक्शन असतं, ते काही मिनिटांत मिळावं लागतं. तिला म्हणावं, माशीच्या आसपास फिरकू नको.

उद्या शुक्रवार.

पेट्या हलवताना माशा किती चवताळतात ते मी लांबून पाहिलेलं आहे. वहिनी, केबिनमध्येही बसू नकोस. रस्त्याला लाग, चालत राहा, वाटेत पहिलं घर दिसेल त्यात जाऊन बस. दादाला माझ्यावर काय रागवायचं ते नंतर रागवू दे.

मी त्याला काय काय लिहून बसले. आणि आता देवाकडे मागते आहे की उद्या तो तुझ्याजवळ असू दे.

नणंद


दवाखाना
१८ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

ह्यांनी तुम्हाला फोनवर "वाचली" एवढंच सांगितलं आणि त्यांचा आवाज गेला, असं नर्स म्हणाली. बाकीचं मी सांगते. पडल्यापडल्या लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

ऊन उतरलं, माशा पेट्यांत परतल्या, तशी ह्यांनी आणि ट्रकवाल्याने पेट्यांची दारं जाळीने बंद केली. मी केबिनमध्ये काचा चढवून बसले होते. तुमचा बुरखा, मोजे, गळपट्टी, सगळं घालून. घामाने न्हाले, पण हलले नाही. काचेवर एकदोन माशा आपटायच्या तेव्हा पाय वर घ्यायचे.

निम्म्या पेट्या चढल्या होत्या. हे पाण्याचा तांब्या घेऊन आले. मी काच चार बोटं खाली केली, पाणी प्यायला जाळी वर सारली. वन्सं, माशी ह्यांच्या बाहीवर होती. त्यांना दिसली नाही, मलाही नाही. कानाखाली डसली.

पिकलेल्या केळ्यासारखा वास आला. डंखाचा वास तसाच असतो, लहानपणापासून ओळखीचा. मी काटा काढला आणि ह्यांच्याकडे बघत राहिले. ते म्हणाले, काय झालं? मला सांगायचं होतं, पण जीभ तोंडात मावत नव्हती.

मग जे आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. निम्मा ट्रक भरलेला, निम्म्या पेट्या जमिनीवर तशाच. ह्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. मला मांडीवर आडवं घेतलं होतं आणि ट्रकवाल्याला नुसतं "चल" म्हणत होते. ओरडून नाही. हळू. घोड्याला सांगावं तसं. श्वास आत जाईना. आपल्या घशातून शिट्टीसारखा आवाज येतोय आणि तो आपला आहे, हे मला लांबून कळत होतं. मरणाची भीती वेगळी असते, वन्सं. तिच्यात छकुलीसुद्धा आठवली नाही. फक्त हवा हवी होती.

रस्त्यावर पहिला जो दवाखाना लागला तिथला डॉक्टर कुलूप लावून निघाला होता. ह्यांनी त्याच्या हातातून किल्ली घेतली म्हणे. मांडीत इंजेक्शन गेलं आणि काही वेळाने छाती उघडली. तिथून मला या मोठ्या दवाखान्यात आणलं.

इथली डॉक्टरीण म्हणते, वर्षानुवर्षं डंख सोसलेल्या माणसालाही हे कधीतरी असं उलटू शकतं. मुलीला होईलच असं नाही, तरी तपासून घेऊ. माझ्यापुढे दोनच वाटा आहेत: माशांचं नाव कायमचं सोडायचं, नाहीतर माशीचंच विष अगदी थोडंथोडं टोचून घेत शरीराला त्याची सवय करायची. त्याला काही वर्षं लागतात. आणि तेही दवाखान्यातच, कारण त्या सुईनेही असं होऊ शकतं.

तुमचं गुरुवारचं पत्र अजून मिळालेलं नाही, ह्यांना तुम्ही फोनवर सांगितलंत म्हणून कळलं. मिळालं असतं तर मी चालत निघाले असते का? माहीत नाही.

डोळे मिटले की घूंऽऽ ऐकू येतं. नर्सला विचारलं, पंखा आहे म्हणाली. बंद करायला लावला.

तुमची
वहिनी


निलगिरीचा तळ
२० जानेवारी

प्रिय वहिनी,

पोचले, राहिले, आणि अजून जिवंत आहे. मी दादाबरोबर जाते असं तुम्हा सगळ्यांसमोर छाती काढून म्हटलं, तेव्हा छाती माझी होती की कुणाची ते मला आता आठवत नाही. तू माझ्या मशीनवर, माझ्या उशीवर, आणि मी तुझ्या तंबूत. देवाला हसू आलं असेल.

सोमवारी दादाने पहिली पेटी माझ्याकडून उघडवली. सगळा चिलखताचा साज होता, तरी आधी दोनदा इलॅस्टिक तपासलं. झाकण काढल्यावर माशांचं घोंघावणं वर आलं ना, उकळीसारखं, मी चौकट सोडून पळणार होते. दादा म्हणाला, श्वास सोड, धरून ठेवू नकोस. सोडला. त्यांनाही माझी फार पडलेली नव्हती.

डब्यात चिकटपट्टीने लावलेलं डंखावरचं इंजेक्शन मी दिवसातून दोनदा हात लावून बघते. तपासणीत माझं सगळं ठीक आलं तरीही.

तुला एक सांगायचं आहे. दादाशी माझं त्या पत्राबद्दल बोलणं होत नव्हतं. पंधरा दिवस आम्ही मीठ, पाणी, पेट्या एवढ्यावर भागवलं. काल दुपारी चौकटी पुसता पुसता मीच म्हणाले, दादा, मी तुला फार वाईट लिहिलं. तो पुसत राहिला. मग म्हणाला, "मला राग नाही आला. मी हाताकडे पाहिलं. मला वाटलं, झोपेत वगैरे हात उठला असेल का?"

वहिनी, मला कापडासारखं कुणी टर्रकन फाडल्यागत झालं. मी समजत होते, ती भीती एकट्या माझी आहे. तो लहानपणापासून स्वतःलाच भीत आलाय. त्याने तुझ्याकडून हे काम का शिकून घेतलं तेही सांगितलं. म्हणाला, माशांसमोर हात झटकता येत नाही. झटकला की डसतात. दहा वर्षं रोज सकाळी तो हात हळू ठेवायला शिकतोय. तुला हे कधी सांगितलं नाही म्हणाला, कारण तू विचारलं नाहीस, आणि विचारावं असं त्याने कधी काही केलं नाही.

मग उरलेल्या चौकटी आम्ही दोघांनी मिळून पुसल्या. 

निलगिरीचा मध उतरायला लागला आहे, लालसर आणि घशाला किंचित औषधी. बाटली पाठवते. मध तुला चालेल की नाही, ते आधी डॉक्टरणीला विचार.

तुझी
नणंद


२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

मध चालतो म्हणाली. विष माशीच्या डंखात असतं, मधात नाही. बाटली उघडून छकुलीने निम्मी संपवली.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि ह्यांना त्यातलं काही विचारणार नाही. ते येतील, बसतील, तेव्हा त्यांच्या हातात हात ठेवीन. तेवढं पुरे.

मी दुसरी वाट घेतली आहे. तुमच्या भावाला फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, नक्की? मी म्हणाले, नक्की नाही, पण जाते.

मंगळवारी पहिली सुई होती. एका इवल्याशा बाटलीत पाण्यासारखं काहीतरी, त्यात माशीचं विष, इतकं थोडं की दिसतही नाही. मी बाही वर केली. नर्सने सुई जवळ आणली आणि मी म्हणाले, थांबा. ती थांबली. पुन्हा आणली, पुन्हा म्हणाले, थांबा. तिला घाई असणार, बाहेर रांग होती. पण ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, तुम्ही सांगाल तेव्हा. मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर वाळत घातलेल्या चादरी मोजल्या. मग म्हणाले, द्या.

त्यानंतर बाकावर बसून राहायचं असतं, काही होतंय का बघायला. शेजारी एक माळी बसला होता, त्यालाही हेच.  तो माझ्या मानेकडे बघत होता, मी त्याच्या. कुणाला गांधी उठतेय का म्हणून. मध्येच त्याने मान खाजवली आणि आम्ही दोघेही उभे राहिलो. डास होता.

नर्सने दोघांनाही जा म्हटलं. जिना कठड्याला धरून उतरले.

घरी आले तर छकुली दारातच. सुई मोठी होती का, लागली का, रडलीस का, शंभर प्रश्न. मी चप्पल काढली, तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, चावली. बसले. उठले. घरी आले.

तुमची
वहिनी